खंदारे सरांचा आराखडा

आमच्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागात पोपडे न आलेली एकच भिंत होती आणि तिच्यावर जगाचा एक जुना नकाशा टांगलेला होता. तो इतका जुना, की आफ्रिकेतले निम्मे देश त्यात अजून साहेबाच्या नावानं नांदत होते. नवा नकाशा मागवा म्हणून खंदारे सर दरवर्षी अर्ज द्यायचे आणि दरवर्षी तो अर्ज पुढच्या वर्षावर ढकलला जायचा. शेवटी त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर देशांची नवी नावं लिहिली आणि खळ लावून जागच्या जागी चिकटवल्या. उन्हाळ्यात खळ सुटायची. पंखा लावला की एखादा देश भिरभिरत खाली यायचा. शिपाई झाडताना विचारायचा, "सर, आज कोणता पडला?" सर चष्मा वर सरकवून चिठ्ठी वाचायचे आणि म्हणायचे, "टांझानिया हाय. ठेवा टेबलावर. दुपारी परत स्वतंत्र करतो."

मी त्या विभागात नवी लागले तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. 'नवस्वतंत्र देश आणि आर्थिक नियोजन' असा एक पेपर ते शिकवायचे. पोरांनी त्यांचं नाव घाना सर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. स्वतः हैदराबादच्या पुढे कधी गेले नव्हते. पण घानातलं धरण, इंडोनेशियातले उसाचे मळे, टांझानियातली नव्यानं वसवलेली खेडी यांच्याबद्दल असं बोलायचे, की शेजारच्या तालुक्यातल्या पाव्हण्यांची ख्यालीखुशाली सांगतायत असं वाटावं. फळ्याकडे न बघता ते आफ्रिकेचा किनारा काढायचे. मग आत कुठंतरी खाण दाखवायचे, किनाऱ्यावर बंदर दाखवायचे आणि दोघांच्या मध्ये एक सरळ रेघ ओढून म्हणायचे, "ही रेल्वे. खाणीतून निघाली, बंदरात गेली. मधल्या दोन गावांनी एकमेकांकडं जावं म्हणून कुणी रूळ टाकले न्हाईत. धनी गेला, रूळ राहिले. आता नव्या सरकारनं नियोजन करायचं ते ह्याच रुळांवर." एवढं बोलून खडू खाली ठेवायचे आणि त्या रेघेकडं बघत राहायचे, पोरं वह्या मिटून बाहेर गेली तरी.

पंचवार्षिक योजनांची भाषा त्यांच्या तोंडात इतकी बसली होती, की घरात आणि जेवणातही तीच चालायची. दुसरी भाकरी वाढायला गेलं की "पुढच्या योजनेत". लग्नाचं आमंत्रण आलं की "तरतूद बघावी लागल". एकदा प्राचार्यांनी त्यांना स्नेहसंमेलनाचं अध्यक्ष केलं तर भाषणात म्हणाले, मला हे पद उद्दिष्टाच्या आधीच मिळालं, म्हणजे उद्दिष्टच कमी धरलं असणार. हसले फक्त आम्ही दोघं-तिघं. बाकीच्या सभागृहाला जेवायची घाई होती.

मी पाथरीची. रुजू झाले त्या आठवड्यात सरांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला आणि तुमचं गाव काढून दाखवा म्हणाले. मला वाटलं, नव्या माणसाशी बोलायची ही त्यांची पद्धत असेल. मी एसटी स्टँड काढलं, तहसील काढली, बाजारपेठ, दवाखाना, पोलीस ठाणं काढलं, उत्तर दिशेला बाणसुद्धा काढला. सरांनी कागद बराच वेळ पाहिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ह्यात तुमचं घर कुठंय?"

नव्हतं. मी गावात वाढले, त्या गल्लीत पडले-झडले, आणि गाव काढताना घर राहून गेलं होतं. मी ओशाळले. सर म्हणाले, ओशाळू नका, सगळ्यांचंच होतं. बाहेरून आलेल्या साहेबाला गावात जे लागतं तेवढंच आपण काढतो, कारण आपल्याला गाव बघायला त्यानंच शिकवलंय.

ही त्यांची दरवर्षीची रीत होती. जूनमधला पहिला तास म्हणजे गावाचा नकाशा. पोरांचे कागद गोळा करून सर घरी न्यायचे आणि काय काढलंय ते बघायच्या ऐवजी काय राहिलंय ते शोधत बसायचे. मोठ्या शेतकऱ्यांची पोरं ओढ्यापलीकडची वस्ती हमखास विसरायची. सरांना त्याचं नवल नव्हतं. आम्हा दोघांच्या चहाच्या वेळेत ते कागद एकेक करून दाखवायचे आणि ह्यानं विहीर तीन ठिकाणी दाखवली पण विहिरीवर चढू न देणारे दाखवले न्हाईत, असं काहीतरी कोरडं बोलायचे.

एका वर्षी मात्र एक कागद त्यांनी नुसता माझ्यापुढं सरकवला. तो एका हुशार मुलीचा होता. रेघा स्वच्छ, अक्षर मोत्याचं. देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, बँक, सगळं जागच्या जागी होतं. ओढा होता. ओढ्याच्या पलीकडं कोरं. मी विचारलं, काय झालं? सर म्हणाले, ही पोरगी ओढ्यापलीकडचीच हाय, माझ्या ओळखीतली. त्या दिवशी त्यांनी दुपारचे दोन्ही तास घेतले नाहीत. मुलीला काही बोलले नाहीत. नंतर कधी तो कागदही कुणाला दाखवला नाही. मला त्यांचा राग समजला असता, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार लांबून चालत आलेला माणूस पायरीवर बसतो तसे ते बसले होते.

त्यांचं स्वतःचं गाव पेडगावच्या पुढं, फाट्यावरून आत. त्यांची वस्तीही ओढ्यापलीकडं, गायरानावर. निजामाच्या राज्यात गावाची पैमाईश झाली तेव्हा मोजणीची साखळी ओढायला त्यांच्या आज्याला वेठीला धरलं होतं. आजा सबंध शिवार साखळी घेऊन फिरला. उन्हाचा, बिनपाण्याचा. शिवाराचा नकाशा झाला, बांध झाले, नंबर पडले. आज्याचं घर ज्या जागेवर होतं तिथं कागदावर फक्त गायरान आलं. हे सर वर्गात कधी सांगायचे नाहीत. मला एकदा बसमध्ये सांगितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघत बोलले, आपल्याला स्वातंत्र्य देशापेक्षा वर्षभर उशिरा मिळालं मॅडम, आमच्या वस्तीवर तर अजून वाटेतच हाय.

सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी तो पेपर अभ्यासक्रमातून गेला. त्याच्या जागी संभाषणकौशल्याचा काहीतरी पेपर आला आणि तो माझ्या वाट्याला आला. मी अजून तो शिकवते. पोरांना मुलाखतीत कसं बसायचं ते सांगते. सरांना वाईट वाटलं असणार. पण बोलले इतकंच, की नियोजनच राहिलं न्हाई तर त्याचा पेपर ठेवून काय करता. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं आणि पायी घरी गेले.

परभणीत घर होतं. मुलगा पुण्याला. सरांची बायको आदल्या वर्षी वारलेली. मला वाटलं होतं, आता हा माणूस वर्तमानपत्र चाळत म्हातारा होणार. तसं झालं नाही. गावच्या नव्या सरपंचानं त्यांना बोलावणं धाडलं. गावाचा विकास आराखडा करायचा होता, पाणीपुरवठ्याची योजना बसवायची होती आणि बाहेरचा माणूस आणून करण्यापेक्षा आपल्या गावचे सर करतील तर बरं, असं ग्रामसभेत ठरलं होतं. पाटलाच्या घरातली माणसंही हो म्हणाली होती.

सर मला फोनवर सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज पस्तिशीतल्या माणसाचा होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या योजना शिकवल्या मॅडम, म्हणाले. आता एक माझ्या हातानं होतीय. मी थट्टेनं विचारलं, उद्दिष्ट काय धरलंय? ते म्हणाले, "एकच. माझ्या अक्काच्या दारात नळ."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गयाबाई. सरांना शिकवलं ते अक्कानं. आई लवकर गेली, बाप मजुरीला. अक्का ओढा ओलांडून गावातून पाणी आणायची, सरांना आंघोळ घालून शाळेत धाडायची आणि स्वतः खुरपायला जायची. लग्न झालं, नवरा गेला, ती परत वस्तीवर आली. सत्तरी उलटल्यावरही पाणी आणतच होती. तिच्या मानेवर डोक्यावरच्या ओझ्यानं एक कायमचा बाक आला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला त्यातलंच तांब्याभर पाणी प्यायला दिलं होतं.

सरांनी आठ दिवसांत गाव पायी पालथं घातलं. घरटी माणसं, गुरं, न्हाणीघरं, कुणाची विहीर कधी आटते, सगळं लिहिलं. वस्तीवरची घरंही लिहिली, नावानिशी. मग पाइपलाइन कागदावर काढायची वेळ आली. ग्रामसेवकानं सांगितलं, कार्यालयाला गावनकाशावर काढलेलंच चालतं. तो नकाशा म्हणजे जुन्या पैमाईशीची नक्कल. सरांनी त्यावर पारदर्शक कागद ठेवला, रात्रंदिवस बसून रेघा ओढल्या, तीनदा तपासल्या. माझ्याकडेही एक प्रत पाठवली. मी ती बघितली, सुबक वाटली, सरांना तसं कळवलं. माझ्याही काही लक्षात आलं नाही. हे मला इथं सांगायला पाहिजे.

आराखडा मंजूर झाला. काम सुरू झालं त्या आठवड्यात सरांनी मला माझ्या वर्गाला घेऊन बोलावलं. कागदावरची रेघ जमिनीत कशी उतरते ते पोरांना बघू द्या म्हणाले. आम्ही दोन जीप करून गेलो. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वेशीत उभे होते. चर खणणारं यंत्र देवळापासून शाळेपर्यंत, शाळेपासून वेशीपर्यंत आलं होतं. पोरांना सर समजावून सांगत होते, पाण्याचा दाब कसा धरला, टाकी उंचावर का घेतली. वस्तीवरच्या बाया ओढ्याच्या काठाला येऊन उभ्या होत्या. त्यांत अक्का होती, नवं लुगडं नेसून.

वेशीजवळ यंत्र थांबलं. चालवणारा खाली उतरला, तंबाखू मळायला लागला आणि काम झालं म्हणाला. सर म्हणाले, झालं कसं, ओढ्यापलीकडं जायचंय. तो म्हणाला, नकाशात न्हाई. सरांचा चेहरा तापला. त्यांना इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वस्तीचं नाव आलं की साहेबलोक असंच करतात, आणा तो नकाशा, असं मोठ्यानं म्हणत त्यांनी मुकादमाच्या हातातला कागद ओढून घेतला आणि जीपच्या बॉनेटवर सगळ्यांसमोर पसरला.

त्यावर सरांचीच सही होती. रेघा सरांच्या होत्या, अक्षर सरांचं. वेशीजवळ शेवटचा नळ दाखवला होता. पुढं ओढा. ओढ्याच्या पलीकडं गायरान, आणि त्यावर काही नाही. खालचा जुना नकाशा जिथं कोरा होता तिथं सरांचा पेनही उचलला गेला होता. यादीत त्यांनी वस्तीवरचं प्रत्येक घर लिहिलं होतं. नकाशात एकही काढलं नव्हतं. तीनदा तपासताना त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

सर कागदावर वाकून होते ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. ग्रामसेवक म्हणाला, कार्यालयातल्या साहेबांनी यादी बघायला पाहिजे होती. मुकादम म्हणाला, आमच्याकडं यादी येतच न्हाई. सरपंच कुणाला तरी फोन लावू लागला. मग सर ताठ झाले आणि ओढ्याकडं तोंड करून म्हणाले, "नकाशा माझा हाय. चूक माझी हाय."

अक्का ओढ्यातून वर आली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तिनं कागदाकडं नीट पाहिलं, कुठं काय आहे ते एका पोरीला विचारून घेतलं. आवाज चढवला नाही. रडलीही नाही.

"किसना," ती म्हणाली, "सरकारच्या कागदावर आमी कधीच नव्हतो. त्याचं मला काय वाटत न्हाई. पर ह्यो कागद तू काढलास."

एवढं बोलून ती आल्या वाटेनं परत गेली. माझी पोरं खाली माना घालून उभी होती. मला रडू आवरेना. लाज वाटली ती मला माझीच, कारण ती प्रत माझ्याही टेबलावर होती.

परतताना मी सरांची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, सर, तुम्हीच तर शिकवलंत की जुन्या धन्याच्या रेघा नव्या माणसाच्या हातात येतात. दोष त्या नकाशाचा आहे, तो काढणाऱ्या राज्याचा आहे. सरांनी माझ्याकडं पाहिलं, विद्यार्थ्यानं पाठ केलेलं उत्तर दिलं की बघायचे तसं. "निजाम जाऊन किती वर्षं झाली मॅडम? पेन माझ्या हातात होता." तीस वर्षं ज्या वाक्यावर त्यांचा पेपर उभा होता ते वाक्य त्यांनी स्वतःसाठी वापरू दिलं नाही.

पुढची दोन वर्षं सर अर्ज घेऊन फिरले. कार्यालयातले लोक पुरवणी आराखडा मांडा म्हणाले, सरांनी मांडला. वस्ती गावठाणाच्या बाहेर आहे म्हणाले, आत घ्या म्हणून अर्ज दिला. गायरानावर खर्च करता येत नाही म्हणाले. मग मोजणी, मग मोजणीला तारीख, मग तारखेला माणूस नाही. कार्यालयातली माणसं वाईट नव्हती. त्यातले दोघं सरांचेच विद्यार्थी, सर आले की खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, जुन्या वर्गाच्या आठवणी काढायचे आणि मग जुना गावनकाशा उघडून दाखवायचे, की सर, इथं घरंच नाहीत. सर मान डोलवायचे. एकदा मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते तर सर म्हणाले, ह्यांचं काय चुकतंय? मलासुद्धा दिसली नव्हती.  त्या दिवशी ते मला पहिल्यांदा म्हातारे वाटले.

मग कळलं, की सर परभणीचं घर बंद करून वस्तीवर राहायला गेलेत. फोन लागायचा नाही, लागला तर दोन वाक्यांत संपायचा. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी फाट्यावर उतरले आणि चालत गेले. अक्का दारात बसली होती. ती मला ओळखते. सर कुठंत विचारलं तर तिनं हनुवटीनं वेशीकडं दाखवलं.

सरांनी अक्काचं पाणी आणणं बंद केलं होतं. नळ ओढ्यापलीकडं येईपर्यंत पाणी मी आणणार, असं त्यांनी वस्तीवर सांगून टाकलं होतं. आधी अक्काचं, मग शेजारच्या दोन एकट्या म्हाताऱ्यांचं. अक्काला ते आवडलेलं नव्हतं. लोक हसायलेत म्हणाली, एवढा शिकलेला माणूस. मी त्या दिशी कागदाचं बोलले ते रागात बोलले न्हवते, पर त्यानं ते धरून ठिवलं. तिनं त्यांना सोड म्हणून हातसुद्धा जोडले होते. ते ऐकत नव्हते. ती म्हणाली, "पाण्यासाठी मी त्याला शिकवलं व्हय?" आणि पदरानं डोळे पुसले.

थोड्या वेळानं सर ओढ्यातून वर आले. दोन्ही हातांत प्लास्टिकच्या घागरी, गुडघ्याला पट्टा, शर्ट तसाच इस्त्रीचा पण पोटावर ओला. मला बघून लाजले वगैरे नाहीत. बसा म्हणाले, एवढं ओतून येतो. मी एक घागर घ्यायला पुढं झाले तर त्यांनी ती दुसऱ्या बाजूला नेली. आम्ही चहा घेतला, माझ्या पेपरचं विचारलं, पोरं किती येतात विचारलं. फाइलीचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, चालू हाय, आता ती जिल्ह्याच्या टेबलावर हाय.   मग उठले, घागरी उचलल्या, मला वेशीपर्यंत सोबत करतो म्हणाले.

वेशीतल्या नळाला दुपारचं पाणी आलेलं होतं. तिथं दोन रांगा असतात. कुणी लावलेल्या नाहीत, कुणी मोडलेल्याही नाहीत. गावातल्या बाया नळाच्या तोंडाशी, वस्तीवरच्या बाया मागं भिंतीच्या कडेनं, पुढच्यांचं झालं की त्यांचं. सर आलेले बघून गावातल्या दोन-तीन बायांनी हंडे बाजूला घेतले. त्यांतल्या एकीला सरांनी शिकवलेलं होतं. ती पदर सावरून आदरानं म्हणाली, "सर, तुमी या हिकडून, तुमचं आधी भरून घ्या."

सरांनी तिला हात जोडले. मग भिंतीच्या कडेनं मागं गेले, वस्तीवरच्या शेवटच्या बाईच्या घागरीमागं आपल्या दोन घागरी ठेवल्या आणि नंबर यायची वाट बघत उभे राहिले.